बाजार बंद होता, मग लम्पी गावात आला कुठून?

माणदेशी_गणिती
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टंकून मोकळा होतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पी, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग, सापडला. सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, शर्यती बंद, प्रदर्शनं बंद. आमचं गाव आटपाडीच्या अलीकडे. रावेरपासून रस्त्याने चारशेच्या वर किलोमीटर. तरी ऐन दिवाळीत आमच्या वस्तीवर पहिल्या गाईच्या अंगावर गाठी आल्या. महिन्याभरात वस्तीवरच्या दोन गाई आणि एक गोऱ्हा गेला. सगळे म्हणाले, "हवाच तशी होती." मला ते काही पटलं नाही.

मी नोकरीत दिवसभर नेटवर्कचंच काम करतो (पाइपलाइन नव्हे, डेटा). त्यामुळे रोगाकडे बघायची सवय अशी लागलीय: प्रत्येक गोठा म्हणजे एक ठिपका आणि जनावर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गेलं की एक रेषा. रोग नकाशावरच्या अंतराने पसरत नाही, ह्या रेषांवरून चालत जातो. बाजार म्हणजे शेकडो रेषा जिथे येऊन मिळतात तो ठिपका. तो पुसला की जाळं तुटावं, असा हिशोब. आमच्याकडे तुटलेलं दिसलं नाही.

गेल्या सुट्टीत कालनिर्णयाच्या पाठकोऱ्या पानावर आमच्या वस्तीच्या अकरा दावणी मांडल्या आणि त्या दिवाळीआधीच्या चार महिन्यांत कोण जनावर कुठून आलं, कुठं गेलं ते आठवून रेषा मारायला बसलो. अर्ध्याहून जास्त रेषा कुठल्याच पावतीवर नाहीत!

तर प्रश्न दोन. बाजार बंद करून खरंच रोग थांबतो का? आणि ह्या रेषा आपल्याकडे कुणी लिहून ठेवतं का?

टिंगूशेठ
लम्पी आला एसटीने. खिडकीची सीट, हाफ तिकीट.

दावणीचा_डॉक्टर
धागा आवडला. निवृत्त पशुवैद्य आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊ. म्हणून तर आपण शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली. माणसाला होत नाही, हे त्या वर्षी दिवसातून पन्नास वेळा सांगावं लागे, तरी लोक दूध ओतून देत होते. पसरतो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे. माशी एका जनावराचं रक्त पिता पिता उठते आणि शेजारच्याला चावते, इंजेक्शनची सुई न बदलता टोचावी तसं.

पण माशी काही जळगावहून आटपाडीला उडत येत नाही. २०१५-१६ ला हा रोग ग्रीस, बल्गेरिया आणि बाल्कनच्या देशांत फिरला. तिथे अभ्यासकांनी वेग मोजला तर तो आठवड्याला साधारण ७ किलोमीटर निघाला. ही झाली माश्यांची चाल. मधेच जे शंभर-दोनशे किलोमीटरचे उड्डाण दिसतं ते बहुतेक वेळा चार चाकांवरचं. भारतातही २०१९ ला ओडिशात पहिल्यांदा नोंद झाली आणि २०२२ ला गुजरात-राजस्थान पेटले.

दुसरी मेख अशी की लागण झालेल्या सगळ्याच जनावरांच्या अंगावर गाठी उठत नाहीत. आणि उठतात त्यांच्यातही आधी एक ते चार आठवडे जनावर ठणठणीत दिसतं. ह्या ठणठणीत दिसणाऱ्या जनावराला कोण अडवणार?

अतिशहाणा
ठिपके-रेषा काढून काय होणार? लस टोचा, विषय संपला. राज्यात गोवंश १ कोटी ४० लाखांच्या घरात, टोचले ना बहुतेक सगळे? मग झालं. उगाच सोप्या गोष्टीचं गणित कशाला.

माणदेशी_गणिती
@अतिशहाणा, टोचलेच. पण एका दिवसात नाही टोचता येत ना दादा. आधी कुठं टोचायचं हा प्रश्न उरतोच. त्या वेळी रोग सापडलेल्या गावाभोवती ५ किलोमीटरचं रिंगण धरून सुरुवात केली होती. रिंगण म्हणजे अंतराचं गणित. माझं म्हणणं, रिंगणाबरोबर त्या गावाच्या रेषा जिथं जातात तिथंही टोचा. एखादं गाव दोनशे किलोमीटरवर असेल पण बाजाराच्या नात्याने सख्खं शेजारी असेल.

खिल्लारवाला
लेखकाला विचारायचंय, तुमचं पोट जनावरावर आहे का पगारावर?

सांगोल्याचा रविवारचा बाजार बंद झाला तेव्हा माझ्या दावणीला चारदाती खोंडांची जोडी होती. ऐन भरात. बाजारात तिला तीन गिऱ्हाईकं भांडली असती. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, वर तोंडाने भलतंच बोलायचं, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही किती ठरलं. बाजार बंद म्हणजे ती मजाही गेली आणि भावही गेला. वैरण विकत, पेंड विकत. शेवटी हेडा (जनावरांचा दलाल) घरी आला. "मालक, बाजार बंद हाय, मी नेतो रिस्क घेऊन," म्हणाला आणि निम्म्याला उरकलं. रात्री अकराला पिकअप लावला.

आता सांगा, रेष तुटली का?

टिंगूशेठ
रेष तुटली नाही, नाईट शिफ्टला गेली.

माणदेशी_गणिती
खिल्लारवाला दादा, पोट पगारावर आहे, पण गोऱ्हा आमच्याच वस्तीवर मेला, तेवढं समजून घ्या. तुम्ही सांगितलंत तेच तर मला शोधायचंय. मोठा ठिपका पुसला की रेषा मरत नाहीत, वळतात. बाजारात निदान पावती फाटते, एखादा डॉक्टर फाटकावर उभा असतो. पिकअपच्या हौद्यात कोण बघणार?

कंब्रियाकर
मी उत्तर इंग्लंडात कंब्रियात राहतो, गेली वीसेक वर्षं. इथे २००१ म्हटलं की अजून म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा आवाज बदलतो. तुमच्या प्रश्नाला ह्याहून मोठं उदाहरण नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लाळ्या-खुरकूत. १९ फेब्रुवारी २००१ ला दक्षिणेला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या अंगावर फोड दिसले. माग काढत गेले तर मूळ चारशेच्या वर किलोमीटर उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल गावच्या डुक्करपालन फार्मवर. (हो, तुमच्या रावेर-आटपाडीइतकंच अंतर.) डुकरांना हॉटेलांचं न उकळलेलं खरकटं घातलं जात होतं. तिथून वाऱ्याने जवळच्या एका फार्मवरच्या मेंढ्यांना लागण. मेंढीची गंमत अशी की तिच्यात हा रोग दिसतो न दिसल्यासारखा. जराशी लंगडते, बस. त्या मेंढ्या १३ फेब्रुवारीला हेक्सहॅमच्या बाजारात गेल्या, तिथून व्यापाऱ्यांमार्फत लाँगटाऊनच्या बाजारात. लाँगटाऊन म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेवरचा मेंढ्यांचा प्रचंड बाजार. एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधून रोग पार खाली नैर्ऋत्येला डेव्हनपर्यंत पोचला.

देशभर वाहतूकबंदी लागली २३ फेब्रुवारीला. पहिला रोगी सापडल्यावर चौथ्या दिवशी, म्हणजे फार उशीर नव्हे. पण नंतर हिशोब लागला तेव्हा कळलं की तोवर पन्नासहून जास्त फार्मवर विषाणू आधीच उतरला होता. पुढे २०२६ ठिकाणी रोग पक्का ठरला आणि ६० लाखांहून अधिक जनावरं मारली. लष्कर बोलावलं. ३ मेला अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक ७ जूनला झाली. चिता पेटलेल्या असायच्या आणि वास गाडीच्या काचा वर करूनही आत यायचा, असं माझा शेजारी सांगतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. इथे गाईंना पासपोर्ट असतात, आणि १९९८ पासून गाय एका फार्मवरून दुसरीकडे गेली की नोंद. मेंढ्यांची मात्र तेव्हा एकेक नोंद नव्हती, कळपावर कारभार. आणि रोग नेमका मेंढ्यांवर बसून फिरला.

मिरजेची_माई
बाप रे. वाचतानाच कसंतरी झालं. कंब्रियाकर, एक बाळबोध शंका: एसेक्सचा कत्तलखाना म्हणजे जाळ्याचं शेवटचं टोक ना? तिथून जिवंत जनावर पुढे जात नाही. मग रोग तिथं सापडून काय उपयोग?

कंब्रियाकर
माई, शंका बाळबोध मुळीच नाही. पसरवण्याच्या दृष्टीने ते मुकं टोक. पण बघण्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगली जागा, कारण देशभरच्या रेषा तिथं येऊन संपतात. ज्या ठिपक्यात खूप रेषा शिरतात तिथे पहारेकरी बसवायचा. ज्यातून खूप रेषा बाहेर पडतात तिथे आधी दार लावायचं. बाजारात दोन्ही होतं, म्हणून तो घातकी.

रात्रीचा_राजा
मग आपल्याकडे २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलांचं ते शेवटचं टोकच कागदावरून गायब झालं की. भाकड बैल हवेत विरतात का? कुठल्या रेषेने जातात ते कोण—

संपादक मंडळ
मुद्दा समजला, त्यावर वेगळा धागा आहे. इथे राजकारण नको. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

टिंगूशेठ
संपादकांनी ठिपका पुसला. रेषा खरडवहीत वळतील.

कोयत्याचं_पोर
मी बीडचा. बाजाराचं खूप झालं, आता माझं ऐका.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली, ऊसतोडीला कोयता जोड्याने निघतात कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. ज्यांची बैलगाडी आहे ते बैल घेऊन. ट्रकच्या हौद्यात वर बैल, खाली संसार, वर पुन्हा आम्ही पोरं. कारखान्यावर उतरलो की अड्डा. दहा तालुक्यांतले बैल एका माळावर, दावणीला दावण. एकाच हौदाचं पाणी. सगळ्यांना उसाचं वाढं. रात्री माश्या अशा घोंगावायच्या की वडील शेणाच्या गोवऱ्या आणि लिंबाचा पाला धुमसत ठेवायचे. पाच-सहा महिने असं, आणि पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की सगळे बैल परत आपापल्या गावी.

एका रात्रीत जमलेला आणि एका आठवड्यात शेकडो गावांत फुटणारा ठिपका. ह्याला कुठल्या बाजार समितीची पावती आहे? २०२२ ला बाजार बंद होते तेव्हा कारखाने काही बंद नव्हते. आमच्या टोळीत बैलांना टोचून, दाखला घेऊन मगच गाडीत चढवा असा निरोप होता. टोचलं कुणाला आणि दाखला कुणाला मिळाला, ह्यात मी पडत नाही.

मिरजेची_माई
पोरा, चांगलं लिहितोस. "वर पुन्हा आम्ही पोरं" वाचून थांबले.

दावणीचा_डॉक्टर
कोयत्याचं पोर, अगदी मोलाचा मुद्दा. त्यात अजून एक घालतो, चारा छावण्या. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण-खटाव, सांगोला, आटपाडी पट्ट्यात हजारो जनावरं एकेका छावणीत होती. मी एका छावणीवर होतो. सकाळी सहाला जनावरं मोजायला जायचो तर एका खुंट्यावर काल पांढरी गाय होती, आज तांबडी. पाहुणा येऊन बदलून घेऊन गेला म्हणे! छावणीच्या वहीत दोन्ही दिवशी "गाय १". आकडा बरोबर, गाय वेगळी. आमचं सुदैव की लाळ्या-खुरकूताचं टोचणं आधीच उरकलं होतं.

घाटावरचा_भाऊ
शर्यतीचे बैल विसरू नका. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात एकेक नामांकित बैल रोज वेगळ्या जिल्ह्यात. पिकअपला पंखा, गादी. माझ्या मेव्हण्याचा बैल मेव्हण्यापेक्षा जास्त फिरलाय.

अतिशहाणा
बरं, मान्य. रेषा महत्त्वाच्या. पण मग कानातला पिवळा बिल्ला कशाला आहे? बारा आकडी नंबर आहे, ॲप आहे, सरकारने सगळं केलंय. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीच नाही.

खिल्लारवाला
बिल्ला आहे. माझ्या गाईचा बिल्ला बाभळीला अडकून तुटला, नवा मारायला तीन चकरा. दरम्यान गाय कोण होती, सांगा.

माणदेशी_गणिती
@अतिशहाणा, बिल्ला म्हणजे ठिपक्याचं नाव. टोचलं कधी, रेतन कधी, हे त्यावर चढतं, आणि ते चांगलंच आहे. पण गाय विकली तर नव्या मालकाच्या नावावर चढवायला कुणीतरी मुद्दाम बसलं पाहिजे. दोन महिन्यांनी चढवली तर नोंद बरोबर, तारीख चुकीची. आणि जाळ्यात तारीख म्हणजे जीव.

उदाहरण देतो. अण्णाची गाय रविवारी बापूकडे गेली आणि बापूची म्हैस गुरुवारी तात्याकडे. अण्णाकडचा रोग बापूमार्फत तात्याकडे जाऊ शकतो. आता वार उलटे करा. म्हैस आधी गेली, गाय नंतर आली. रेषा त्याच, कागदावर चित्र तेच, पण तात्या सुरक्षित. नुसतं "कोण कुणाशी जोडलंय" पाहून चालत नाही, आधी काय घडलं नि नंतर काय, तेही लागतं.

कंब्रियाकर
बरोबर. म्हणूनच २००१ नंतर इथे नियम आला: फार्मवर बाहेरून गाय किंवा मेंढी आली की त्या फार्मवरून पुढचे सहा दिवस दुसरं जनावर हलवायचं नाही. (डुकरांना वीस दिवस.) बाजार चालू, व्यापार चालू, फक्त दोन रेषांच्या मधे श्वास घ्यायला जागा. सुरुवातीला शेतकऱ्यांनी बोंब मारली होती.

आणि गाईंच्या त्या नोंदींचा पुढे भलत्याच कामाला उपयोग झाला. गाईंचा क्षय बिजू (बॅजर नावाचा रानटी प्राणी) पसरवतो का, ह्यावरून इथे कायम भांडण. २००५ ला 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला, त्यात नवा रोग कुठे उगवेल ह्याचा अंदाज हवामान वगैरेंपेक्षा गाईंच्या ये-जा नोंदींवरून जास्त चांगला बांधता आला. भांडण अर्थातच मिटलं नाही.

एक सावधगिरी मात्र. बंदी लागल्यावर लांबच्या उड्या थांबल्या, पण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरणं चालूच राहिलं. मग रोगी फार्मवरची जनावरं २४ तासांत आणि लगतच्या फार्मवरची ४८ तासांत मारायचं धोरण आलं. संगणकाच्या प्रतिमानांवर विसंबून निरोगी जनावरं मारली, असं अनेक पशुवैद्य आजही म्हणतात. गणित्यांनी हेही लक्षात ठेवावं.

खिल्लारवाला
सहा दिवस! आमचा हेडा सकाळी एका बाजारात घेतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारात विकतो. सहा दिवस वैरण घातली तर त्याचा नफा गाईच्या पोटात जाईल. त्याला कुणी वैरण देणार असेल तर बोला.

मिरजेची_माई
हे मात्र पटलं. नियम पाळायचा खर्च कुणाच्या खिशातून, हे आधी ठरवा. तेव्हा लम्पीने मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मिळत होते. न मेलेल्या पण न विकता आलेल्या जनावराला काय?

टिंगूशेठ
त्याला धाग्यावर सहानुभूती.

माणदेशी_गणिती
(आठ दिवसांनी) धागा वर काढतोय, माफी असावी. गावी जाऊन आलो.

कालनिर्णयाचं ते पान आबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मी एकेक दावण विचारत गेलो. शेजारच्या काकांची म्हैस कुठून, पलीकडच्या वस्तीवरचा खोंड कुठून. सगळं तारखेनिशी त्यांना पाठ. आमच्या दावणीपाशी आलो तर म्हणाले, "आपल्यात काय नाय आलं त्या साली." आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आन् काळी कालवड?"

आबा गप्प.

काळी कालवड आत्याकडून आली होती. आत्याचं सासर माळशिरसकडे. बाजार बंद, भाव पडलेला, त्यांच्याकडे वैरण संपलेली. दाजी म्हणाले, फुकापासरी हेड्याला देण्यापेक्षा भावाच्या दावणीला राहू दे. दसऱ्याच्या रात्री आतेभाऊ पिकअपमध्ये घेऊन आला, सोनं देऊन, जेवून, रातोरात परत गेला. विक्री नाही, पावती नाही, पैसे नाहीत. कालवडीला एकही गाठ उठली नाही. ती आज दुसऱ्या वेताची आहे, सकाळी मीच तिचा चहा प्यायलो. मात्र पहिली गाठ आली ती तिच्या शेजारी बांधलेल्या गाईला, दिवाळीत. मोजून अठरा दिवस.

माझ्या चित्रात अकरा दावणींच्या मधोमध जो ठिपका सगळ्यात स्वच्छ होता, तो आमचाच होता.

दावणीचा_डॉक्टर
अठरा दिवस बसतात खरे. पण तिच्यामुळेच आला असं छातीठोक म्हणता येणार नाही. त्याच पंधरवड्यात वस्तीवर दुसरं कुणी काय आणलं, टोचणारा एकच सुई घेऊन फिरला का, हेही बघावं लागेल. आबांना दोष देऊ नका.

माणदेशी_गणिती
नाही दिला, डॉक्टरसाहेब. त्यांनी ते पान घडी घालून कोनाड्यात ठेवलंय. रेष मात्र मला मारू दिली नाही, स्वतः मारली. पेन्सिलने.

खिल्लारवाला
बाजार चालू असता तर आत्यानं कालवड बाजारात नेली असती. एवढंच बोलतो.

कोयत्याचं_पोर
आणि बाजारातून ती दुसऱ्या कुणाच्या तरी दावणीला गेली असती.

मिरजेची_माई
आत्याला सांगितलंस का रे?

माणदेशी_गणिती
नाही अजून. भाऊबीजेला यायची आहे ती आमच्याकडे. आई म्हणते, विषय काढायचा नाही.